छोट्या छेदाचा फेसलिफ्ट: नागपुरात करून घ्यायचा असेल तर

चाळिशी ओलांडली की गालफडं हळूहळू खाली उतरायला लागतात. जबड्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी छोट्या पिशव्या लोंबतात आणि लग्नातल्या फोटोत हनुवटीखालची घडी आपल्याआधी जावेला दिसते. मग एकदा का मोबाइलवर त्याबद्दल काही शोधलं, की फेसलिफ्टच्या, म्हणजे लोंबलेला चेहरा वर उचलायच्या ऑपरेशनच्या, जाहिरातींची रांगच लागते: एका तासात फेसलिफ्ट, बिनटाक्याचा फेसलिफ्ट, शुक्रवारी करा आणि सोमवारी ऑफिसला जा.

यातलं थोडं खरं आहे. छेद खरोखर लहान असतो आणि बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण कातडीखाली जे होतं ते ऑपरेशनच. आणि ते कसं निभावेल, यातला मोठा वाटा ऑपरेशनआधीच्या महिन्याचा आणि नंतरच्या पहिल्या रात्रीचा असतो. सर्जनचा हात कितीही चांगला असो, या दोन गोष्टी पेशंटने आणि घरच्यांनीच सांभाळायच्या असतात. म्हणून पुढे ओटीपेक्षा (ऑपरेशन थिएटरपेक्षा) ओटीबाहेरचंच जास्त लिहिलंय.

आधी समजून घ्या: करतात तरी काय?

चेहऱ्याच्या कातडीखाली चरबी असते आणि त्याखाली स्नायूंना धरून ठेवणारा एक पातळ, चिवट पदर. डॉक्टर त्याला स्मास म्हणतात. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी यांनी त्याचं नीट वर्णन केलं. त्याआधी फेसलिफ्टमध्ये मुख्यतः कातडी ओढून शिवायचे. सगळा ताण कातडीवर यायचा, त्यामुळे चेहरा ताणलेला दिसायचा आणि उचलही लवकर उतरायची. आता ताण या आतल्या पदराला देतात. वरची कातडी नुसती जागेवर बसवून उरलेली कापतात.

छोट्या छेदाच्या पद्धतीत कानशिलावरच्या केसांच्या कडेपासून निघून, कानाच्या पुढून, पाळीपर्यंत छेद जातो. पूर्ण फेसलिफ्टमध्ये तोच छेद पाळीला वळसा घालून कानामागे आणि पुढे मानेवरच्या केसांत शिरतो. छोट्या छेदातली गाजलेली पद्धत म्हणजे बेल्जियममधल्या टोनार्ड आणि व्हर्पाले यांची मॅक्स लिफ्ट. तिच्यात आतल्या पदरातून बटव्याच्या नाडीसारखे गोल टाके फिरवून तो पदर कानशिलाच्या दिशेने वर खेचून बांधतात.

थ्रेड लिफ्ट हा वेगळा प्रकार आहे. त्यात सुईने काटेरी दोरे सरकवतात. पीडीओ नावाच्या पदार्थाचे दोरे साधारण सहा महिन्यांत विरघळतात आणि उचल बहुतेकदा वर्षभराच्या आसपास ओसरते. हायफू (अल्ट्रासाउंड लहरी) किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या (रेडिओ लहरींच्या) उष्णतेने कातडी जराशी आवळते, तर फिलरने, म्हणजे टोचून भरायच्या जेलने, खड्डा भरतो पण लोंबलेलं वर जात नाही. या गोष्टी वाईट नाहीत, फक्त त्यांना फेसलिफ्ट म्हणून पैसे मोजू नका. पहिल्या फोनवरच दोन प्रश्न विचारा: छेद देणार का, आणि स्मासवर काम करणार का? समोरचा गुळमुळीत बोलला तर तुमचा फी देण्याचा हेलपाटा वाचला.

आरशासमोरची परीक्षा

दिवसाच्या उजेडात खुर्चीवर सरळ बसा. दोन्ही कानांपुढे तीन बोटं ठेवून कातडी कानशिलाच्या दिशेने हलकेच सेंटिमीटरभर सरकवा. जबड्याची रेघ स्वच्छ दिसली आणि तेवढ्याने तुमचं समाधान होत असेल, तर हे ऑपरेशन तुमच्यासाठी असू शकतं. त्याहून जास्त ओढावंसं वाटलं, किंवा मानेवरचे उभे पट्टे तसेच राहिले, तर तुमची गरज मानेसकट पूर्ण फेसलिफ्टची आहे. लहान छेदातून मोठं काम करून घ्यायचा हट्ट धरला की पैसेही जातात आणि मानही तशीच राहते.

डोळ्यांखालच्या पिशव्या, कपाळावरच्या आठ्या, ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्या आणि वांग यांतलं काहीही याने जात नाही. नाकापासून ओठांकडे येणाऱ्या रेघा थोड्या सौम्य होतात, पुसल्या जात नाहीत. वजन कमी करायचं मनात असेल तर आधी ते करा आणि काही महिने स्थिर राहू द्या. दहा-बारा किलो नंतर उतरवले तर उचललेले गाल पुन्हा सैल पडतील. परिणाम साधारण पाच-सात वर्षं धरून चाला. वय थांबत नाही, फक्त काही वर्षं मागे सरकून पुन्हा चालू लागतं.

डॉक्टर कुणाला म्हणायचं

नागपूरचे खाजगी दवाखाने धंतोली आणि रामदासपेठेत एकाला एक लागून आहेत. त्यामुळे दोन-तीन जणांचा सल्ला घ्यायला शहर सोडायला नको, फक्त गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अपॉइंटमेंटची वेळ टळणार नाही इतकं आधी निघा. पाटीवरची पदवी वाचा. एमएसनंतर तीन वर्षांचं एमसीएच, किंवा डीएनबी, आणि तेही प्लास्टिक सर्जरीतलं, ही शोधायची गोष्ट. काही कान-नाक-घसा आणि मुख-जबडा शल्यविशारदही चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण घेतात. मग ते कुठे, किती काळ घेतलं हे विचारा. काही आठवड्यांच्या कॉस्मेटॉलॉजीच्या सर्टिफिकेटवर कुणी तुमच्या चेहऱ्याला छेद देऊ नये. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव तपासता येतं. ते न लाजता तपासा.

सल्ल्याच्या वेळी विचारायचे प्रश्न फार नाहीत, पण उत्तरं ठोस हवीत. हेच ऑपरेशन वर्षाला किती करता? भूल कोण देणार, आणि भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत ओटीत थांबणार का? रात्री दोनला चेहरा एका बाजूने फुगला तर मी कुणाला फोन करायचा आणि कोण येणार? या शेवटच्या प्रश्नावर 'अहो, तसं काही होत नाही' असं उत्तर मिळालं तर मी दुसरा डॉक्टर शोधेन. 'भाऊ, आपल्याकडे रोजच होते हे' हेही उत्तर नव्हे.

आधी-नंतरचे फोटो बघताना कान उघडा आहे का ते बघा. केस मोकळे सोडून, उजेड बदलून, हनुवटी वर करून काढलेला फोटो काहीच सांगत नाही. महिन्याभराचा नको, वर्षभरानंतरचा मागा. आणि तुमचे फोटो त्यांच्या इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी ऑपरेशनच्या संमतीपत्रात गुंतवलेली असेल तर तेवढी ओळ खोडून सही करा.

पैशाचं

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम मिळत नाही आणि ती जीएसटीतूनही सुटलेली नाही. म्हणून कोटेशन लेखी घ्या आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, खोली, औषधं, चेहऱ्याचा पट्टा आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. कातडीखाली रक्त साचलं आणि पुन्हा ओटीत न्यावं लागलं तर त्याचा खर्च कुणाचा, हेही त्याच कागदावर असू द्या. 'आजच बुक केलं तर सूट' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन घरी या.

आधीचा महिना, आणि खर्रा

हा भाग नागपूरकरांना वेगळा सांगावा लागतो. सिगरेट बंद करा म्हटलं की खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेलं मिश्रण, खाणारा माणूस निर्धास्त होतो, कारण तो सिगरेट ओढतच नाही. पण निकोटिन धुरातून आलं काय किंवा घोटलेल्या खर्र्यातून आलं काय, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या ते आवळतंच. फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून सुटी केलेली असते आणि कडेच्या भागाला रक्त पुरवायला याच बारीक वाहिन्या उरतात. त्या आवळल्या की कानापुढची किंवा कानामागची कातडी काळी पडून मरते. मग जखम महिनोन्‌महिने भरत राहते आणि व्रण रुंद होतो. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधीपासून आणि चार आठवडे नंतरपर्यंत सिगरेट, विडी, खर्रा, तंबाखू, नस (तपकीर), गुडाखू सगळं बंद. निकोटिनचं च्युइंगमही यातच आलं.

खर्र्याचा दुसरा त्रास भूलतज्ज्ञाला होतो. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाची आतली बाजू ताठरते आणि तोंड पुरतं उघडत नाही. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर ते सल्ल्याच्या दिवशीच सांगा. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं, आणि ते आधीच माहीत असेल तर तशी तयारी करता येते. बायकोसमोर सांगायचं नसेल तर तिला बाहेर बसवा, पण डॉक्टरपासून लपवू नका.

विदर्भातली आणखी एक गोष्ट म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. तो इथे पुष्कळ घरांत आहे आणि वाहक असलेल्या अनेकांना पन्नाशीपर्यंत पत्ताही नसतो. हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याच्या तपासण्या, ईसीजी यांच्यासोबत सिकलची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. वाहक असलात म्हणून ऑपरेशन थांबतंच असं नाही. मात्र अंगातलं पाणी, शरीराचं तापमान आणि ऑक्सिजन यांकडे भूलतज्ज्ञ जास्त लक्ष देतील.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या, त्यात काढे आणि गोळ्याही आल्या. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्त जास्त वाहू शकतं. साधारण एक-दोन आठवडे आधी ती थांबवायला सांगतात. पण हृदयात स्टेंट असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी कायमची चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. वजन किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा. त्याने अन्न पोटात जास्त वेळ राहतं, आणि भूल देताना ते धोक्याचं ठरू शकतं. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का, एखादा जुना व्रण फुगलाय का, हे आठवून सांगा. तसं असेल तर हा व्रणही फुगू शकतो.

ब्लड प्रेशरचं मात्र आजच मनावर घ्या. ऑपरेशननंतर कातडीखाली रक्त साचण्याच्या कारणांत ते वरच्या नंबरला आहे. महिनाभर नीट ताब्यात नसेल तर तारीख पुढे ढकला.

तारीख कधीची घ्यावी

मे महिन्यात नको. पंचेचाळीस अंशांत चेहऱ्याला घट्ट पट्टा बांधून कूलरसमोर बसणं हा वनवास आहे. शिवाय आपल्या वर्णाच्या कातडीवर ताजा व्रण उन्हात पटकन काळवंडतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळणं कठीण होतं. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया किंवा छिंदवाड्याहून येणार असाल तर पहिले दोन-तीन दिवस नागपुरातच राहायची सोय आधी करा, त्याच रात्री गावाकडे निघू नका.

घरात लग्न असेल तर ऑपरेशन आणि लग्न यांत तीन महिने ठेवा. त्याआधीही लोकांत मिसळता येतं, पण जवळून काढलेल्या फोटोत सूज दिसते.

ऑपरेशनचा दिवस

केस आदल्या रात्री धुवा. रंगवायचे असतील तर आठवडाभर आधी रंगवून घ्या, कारण नंतर सहाएक आठवडे डाय लावता येत नाही. पुढून बटण असलेला शर्ट किंवा गाऊन घाला, डोक्यावरून काढायचे कपडे नकोत. कुड्या, बुगडी, नथ घरी ठेवा. सहा तास आधीपासून खाणं बंद, पाण्याचं तुमचे डॉक्टर सांगतील तसं.

ओटीत जाण्याआधी तुम्हाला बसवून चेहऱ्यावर पेनाने रेघा मारतात, कारण आडवं झालं की गाल मागे सरकतात. पुष्कळ ठिकाणी गुंगीचं औषध देऊन जागा बधिर करतात, काही ठिकाणी पूर्ण भूल. बधिर करायला लिग्नोकेन आणि अॅड्रेनलिन मिसळलेलं पातळ द्रावण कातडीखाली भरतात. अॅड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकसून रक्त कमी वाहतं. त्यानंतर दोन-तीन तास काम चालतं. पुरुषांमध्ये छेदाची जागा ठरवताना दाढी विचारात घ्यावी लागते, कारण दाढीची कातडी कानाकडे सरकते आणि पुढे कानाच्या अगदी लगत दाढी करावी लागते. दाढीच्या कातडीत रक्तपुरवठा जास्त असल्याने रक्त साचण्याचा धोकाही पुरुषांना अधिक.

पहिली रात्र

अॅड्रेनलिनचा असर काही तासांत उतरतो आणि आकसलेल्या वाहिन्या उघडतात. नेमकं तेव्हाच भूल उतरलेली असते, दुखतं, मळमळतं, त्यात प्रेशर वाढतं. रक्त साचलं तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत साचतं ते यामुळेच. म्हणून त्या रात्री जवळ एक शहाणं, न घाबरणारं माणूस हवं. आत्याबाई, शेजारच्या काकू, ऑफिसचे मित्र यांना दोन आठवड्यांनी बोलवा.

डोकं दोन-तीन उशांवर उंच ठेवून पाठीवर झोपा. वाकू नका, खोकला दाबू नका पण अंगावर काढूही नका, संडासला जोर लावू नका. प्रेशरची गोळी आणि दुखण्याची गोळी वेळेवर. दर दोन तासांनी सोबतच्या माणसाने दोन्ही गाल बघावेत. दोन्हीकडे सारखी सूज, ओढल्यासारखं वाटणं, मंद ठणका हे अपेक्षितच आहे. एकच बाजू झपाट्याने फुगली, टणक झाली, तिथे एकदम जोराचं दुखू लागलं, कातडी जांभळी पडली, तर सकाळची वाट बघू नका. साचलेलं रक्त लवकर काढलं तर बहुतेकदा निभावतं. उशीर झाला तर वरच्या कातडीचा जीव जातो.

पहिल्या काही तासांत ओठ वाकडा किंवा भुवई जड वाटली तर ते बधिर करायच्या औषधामुळेही असतं. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्याच्या नसेला धक्का बसल्यामुळे आलेली कमजोरी बहुतांश लोकांत आठवडे-महिन्यांत भरून येते. कायमची राहणं दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही, आणि हे वाक्य सही करण्याआधी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं असावं.

पुढचे दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. त्या दिवशी आरशात बघून रडू येणं इतकं सर्रास आहे की डॉक्टरांनी ते आधीच सांगायला हवं. काळंनिळं मानेकडे उतरत दहा-चौदा दिवसांत पिवळं होऊन जातं. टाके पाच ते सात दिवसांत काढायला सुरुवात होते, काही दहा दिवसांपर्यंत ठेवतात.

जेवण मऊ हवं: वरण-भात, खिचडी, दही, शिजवलेल्या भाज्या. भाकरी, भाजलेले चणे, सावजी मटणाची हाडं आठवडाभर विसरा. तिखटाने टाके उसवत नाहीत, चावण्याचा ताण नको म्हणून सांगतोय. मीठ कमी ठेवा, सूज लवकर उतरते. तर्री-पोहे दुसऱ्या आठवड्यात.

जखमेवर हळद, लेप, तेल काही नको, डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढं लावा. गाल आणि पाळ्या काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहतात. त्यामुळे हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी, शेक यांनी भाजलेलं कळतच नाही. जड कानातले दीड-दोन महिने घालू नका.

गाडीचा प्रश्न नागपुरात सगळ्यात नडतो. हेल्मेटचा दाब नेमका छेदावर येतो आणि हेल्मेटशिवाय जायचं नाही. म्हणजे तीन-चार आठवडे टू-व्हीलर बंद, कार किंवा ऑटो. स्कार्फ चेहऱ्याभोवती आवळून बांधायची सवय असेल तर तीही तेवढे दिवस थांबवा, सैल ओढणी चालेल. टाके निघून जखम मिटल्यावर सनस्क्रीन रोज लावा, ढगाळ दिवशीसुद्धा. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला सावकाश फिरायला पहिल्या आठवड्यानंतर हरकत नाही. जिम, योगासनांतली उलटी आसनं आणि वजन उचलणं चार आठवड्यांनी.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसला जाता येतं, थोडा मेकअप करून. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवा. नाहीतर सासूबाई दाताचं ऑपरेशन म्हणतात आणि मुलगा अपघात.

तीन महिन्यांनी चेहरा बऱ्यापैकी स्थिरावतो. व्रण आधी लाल-तपकिरी आणि थोडे कडक असतात, फिकट व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. एक गाल दुसऱ्यापेक्षा किंचित खाली वाटला, पाळी खाली ओढल्यासारखी दिसली, तर दुरुस्तीचा विचार सहा महिन्यांआधी सहसा करत नाहीत. त्या भेटीला ऑपरेशनआधीचे फोटो फाइलमधून काढून समोर ठेवायला सांगा. दोन गाल आधीपासूनच सारखे नव्हते, हे पुष्कळदा तेव्हा दिसतं. तसं नसेल आणि फरक खरोखर नवा असेल, तर दुरुस्तीची तारीख आणि तिचा खर्च त्याच दिवशी लेखी घ्या.